खांबापाशी गळ टाकताना

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर पहिल्यांदा गळ टाकणार असशील, तर मोकळ्या पाण्यात लांब फेकू नकोस. समुद्रात सिमेंटचे ठोकळे सोडून कृत्रिम खडक करतात, तेच काम खाडीत जेट्टीचे खांब करतात: कालवं चिकटतात, आडोशाला कोळंबी येते, तिच्यामागे तांब, जिताडा. पण कालवांची धार सुरीसारखी! माझा पहिला जिताडा खांबाला वळसा घालून, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापून गेला. अजून हळहळ वाटते. म्हणून गळापाशी हातभर जाड तंगूस बांध आणि मासा लागला की ढील देऊ नकोस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या सुमाराचं भांगाचं पाणी बरं, ओढ कमी. शिंगाळा (विषारी काट्यांचा मासा) आला तर पक्कडीनेच गळ काढ. काटा टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धर, दवाखाना गाठ. तुटलेल्या तंगुसाचे तुकडे मात्र घरी आण, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.