वासावरून कालची पाटी ओळखणाऱ्या मुलीस

हर्णैहून बारावी सायन्सच्या एका मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: 'बाबांची बोट आहे. बंदरावर लिलावाचा आरडाओरडा आणि डिझेलचा वास सुरू झाला की माझं डोकं उठतं. शिमग्यात ढोल जवळ आले की मी मागच्या पडवीत जाऊन बसते. घरचे नर्सिंग म्हणतात. काकूच्या ऑपरेशनला दवाखान्यात राहिले होते. रक्ताचं काही वाटलं नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या आजी रात्रभर रडत होत्या. घरी आल्यावर चार दिवस जेवण गेलं नाही. सगळे नाजूक म्हणतात. मला कुठलं काम जमेल का? ता.क. माशांची कालची पाटी कोणती ते मला वासावरून कळतं, बाबासुद्धा मलाच विचारतात.'

ता.क. वाचला आणि तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. ज्या नाकाने तुला बंदरावरून पळवलं, त्याच नाकावर बाबांचा भरवसा आहे. हे तू तळटीप म्हणून लिहिलंस, याची मला गंमत वाटली.

एलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली तुझ्यासारख्या, म्हणजे आवाज, वास, दुसऱ्याचं रडणं इतरांपेक्षा जास्त जाणवणाऱ्या माणसांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या अंदाजाने शंभरात पंधरा-वीस जण असे असतात. हा आजार नाही, स्वभावाची ठेवण आहे. त्यांची २७ प्रश्नांची प्रश्नावली नेटवर सापडेल. भर हवी तर, पण तो निकाल समजू नकोस.

त्यापेक्षा एक वही घे आणि मधोमध रेघ मार. एका बाजूला आवाज, वास, उजेड, गर्दी. दुसऱ्या बाजूला माणसांचं रडणं, भांडण, कुणी टाकून बोललं ते. प्रत्येक वेळी किती वेळाने सावरलीस तेही लिही. तू दोन्ही एकाच 'नाजूक' शब्दात कोंबतेस, पण ढोलापासून पडवीत गेलं की तुझं भागतं, आजींचं रडणं मात्र घरापर्यंत आलं. काम निवडताना हा फरक फार मोठा आहे. (माझ्या ऑफिसातली ट्यूबलाइट गुणगुणायची. दोन वर्षं मी स्वतःला चिडका समजत होतो. ट्यूब बदलली, निम्मा चिडकेपणा गेला.)

त्याआधी डोळे तपासून घे आणि डोकं उठतं ते डॉक्टरांना सांग. मायग्रेन असेल तर त्यावर उपचार आहेत. जेवण-झोप पुन्हा तशी उडाली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता नर्सिंग. पुढे कदाचित रक्तपेढीत किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये रमशील, पण बी.एस्सी. नर्सिंगच्या ४ वर्षांत वॉर्डातली ड्यूटी चुकत नाही. तिथे अशा आजी रोज भेटतील. रडणं ऐकूनही काम करत राहायची सवय होते, काहींना तर त्यातूनच फार चांगली नर्स होता येतं. पण ती तयारी तुझी हवी, घरच्यांची नव्हे.

दुसरीकडे रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून. ४ वर्षांची पदवी. माशाचा ताजेपणा तपासताना डोळे, कल्ले आणि वास पाहतात. यंत्रं आली तरी माणसाचं नाक सुटलेलं नाही. पण लगेच हुरळून जाऊ नकोस. प्रक्रिया कारखान्यात थंडी असते, क्लोरीनचा वास असतो, कॉम्प्रेसरची घरघर असते. पॅथॉलॉजी लॅबही बघ, तिथे समोर पेशंटपेक्षा नमुना जास्त असतो.

बाबांच्या ओळखीने एखाद्या कारखान्यात एक अख्खा दिवस काढ, लॅबमध्ये एक. चकचकीत ऑफिस बघून परत येऊ नकोस, जेवणाच्या सुट्टीनंतरचे तीन तास बघ. घरी आल्यावर वहीत लिही आणि ती पानं मला पाठव, मग फॉर्मचं बोलू. आणि यंदाही ढोल आले की खुशाल पडवीत जा. पालखी अंगणात टेकली की पुढे ये.