बोटीच्या तळावरचे फोड : जाडीआधी मीठ तपासा

आपल्या पोलादी बोटीच्या पाण्याखालच्या भागावर नवे रंगकाम होऊन वर्षही झाले नाही तोच फोड आले, आणि आता रंगाचा विक्रेता कारागिराला दोष देतो व कारागीर रंगाला, असे आपण लिहिले आहे. खाडीत चालणाऱ्या एका पोलादी बार्जची (सपाट तळाच्या मालवाहू बोटीची) देखभाल पाहताना मी हाच वाद सोसला आहे. इपॉक्सी या दोन घटकांच्या रंगाचे भाग कसे मिसळावेत, दोन थरांमध्ये किती वेळ सोडावा, हे आपणास ठाऊक असेल असे धरून पुढे लिहितो.

आधी एक फोड फोडून पाहा. आतून पाणी निघाले, खालचा पत्रा काळा दिसला आणि तो काळा थर उघड्या हवेत थोड्या वेळाने तपकिरी पडू लागला, तर गंज रंगाखालीच सुरू झाला आहे. त्या पाण्याला लिटमस कागदही लावावा. कागद गडद निळा झाला, म्हणजे पाणी अल्कधर्मी निघाले, आणि फोड जस्ताच्या ठोकळ्यांभोवतीच (पोलादाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून तळाला बसवतात ते) दाटलेले असतील, तर कारण ठोकळ्यांच्या विद्युत्-रासायनिक क्रियेत शोधावे लागेल. फोड तळभर विखुरलेले असतील, तर माझा पहिला संशय रंगापूर्वी पत्र्यावर राहिलेल्या मिठावर आहे. इपॉक्सी कितीही चांगले असले तरी त्यातून पाणी सावकाश झिरपतेच. खाली मीठ असेल तर हे पाणी तिथे ओढले जाते, साचते आणि दाबाने रंग उचलते. म्हणून केवळ थर जाड केल्याने फोड लांबतात, टळत नाहीत.

आमच्या बार्जच्या पत्र्यावर ग्रिटचा (टोकदार कणांचा) मारा करून तो एसए २½ दर्जापर्यंत, म्हणजे गंज व जुना रंग जवळजवळ पूर्ण निघेपर्यंत, साफ केला होता आणि डोळ्यांना तो निर्दोष राखाडी दिसत होता. मग यार्डातल्या माणसांनी धूळ घालवण्यासाठी तो खाडीकाठच्या विहिरीच्या पाण्याने धुतला, आणि ते पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या खड्ड्यांमध्ये तपकिरी ठिपके उमटले होते. तपासणीसाठी नेमलेल्या कार्यालयाच्या माणसाने त्यांची नोंदही घेतली नाही. रंग वाळल्यावर त्याने जाडीमापक ठिकठिकाणी टेकवला, आकडे लिहिले आणि सही केली. फोड आल्यावर आम्ही त्या कार्यालयाकडे गेलो, तेव्हा जाडी करारानुसार आहे आणि मिठाची चाचणी करारात नव्हती, एवढेच उत्तर मिळाले. पुन्हा मारा, पुन्हा रंग आणि तेवढा काळ बुडालेले काम, हा सगळा खर्च मालकावर पडला. रंगाखालच्या पत्र्याकडे पाहायचेच नसेल, तर त्याला तपासणी म्हणणे मला मान्य नाही. हे लिहिताना आजही चीड येते.

ही चाचणी अवघड नाही. पत्र्यावर एक चिकट पट्टी लावतात, तिच्या मधल्या पोकळीत सिरिंजने थोडे शुद्ध पाणी सोडून परत ओढतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात; मीठ जितके जास्त, तितकी ती जास्त. तिला ब्रेसल चाचणी म्हणतात. मोठ्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी (तोल राखायला समुद्राचे पाणी भरतात त्या टाक्यांसाठी) आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये जे निकष ठरवले, त्यांत दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम मीठ ही मर्यादा आहे. ते निकष आपल्या बोटीला लागू नाहीत, पण मोजपट्टी म्हणून तोच आकडा धरावा असे माझे मत आहे. मीठ जास्त निघाले तर उच्च दाबाच्या गोड्या पाण्याने धुवून पुन्हा मारा करावा आणि पुन्हा मोजावे, कारण नुसत्या कोरड्या माऱ्याने खड्ड्यांतले मीठ हमखास निघत नाही.

आपल्याकडच्या दमट हवेबद्दलही सांगतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश जास्त असावे लागते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू सुमारे २७ अंशांवर जातो, म्हणून किनाऱ्यावर पहाटे रंग सुरू करू देऊ नये. जस्ताच्या ठोकळ्यांवर रंग चढू देऊ नका, आणि तांब्याचा शेवाळरोधक रंग इपॉक्सीच्या अखंड थराशिवाय थेट पोलादावर कधीही लावू नका.

मी रसायनतज्ज्ञ नाही. रंगाच्या माहितीपत्रकात वेगळे लिहिले असेल तर तेच पाळावे. मात्र फोड खरवडून वरून रंग लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा, आणि नव्या करारात मिठाची मर्यादा, चाचणी कोण करणार व ती पत्र्याच्या किती ठिकाणी होणार हे स्पष्ट लिहून घ्यावे. त्याआधी, मागच्या वेळी यार्डाने पत्रा कोणत्या पाण्याने धुतला होता, हे विचारून इथे कळवा.