वाचकांचे प्रश्न : पेझलीतील घरगुती गेस्टहाउस

प्रश्न : आमची मुलगी स्कॉटलंडमधील पेझली येथे विद्यापीठात शिकते. तिच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही उभयता जुलैच्या प्रारंभी तेथे जाणार आहोत. ग्लासगोच्या हॉटेलात उतरावे, की पेझलीतच एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या गेस्टहाउसमध्ये? आम्ही शाकाहारी असून आमचा व्यवसाय यंत्रमागाचा आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपण पेझलीतच उतरावे, असे आम्ही निःसंकोच सुचवू. ग्लासगोचा विमानतळ मुळात पेझलीच्या वेशीवरच आहे आणि पेझलीच्या गिलमोर स्ट्रीट स्थानकावरून ग्लासगो सेंट्रलला रेल्वेने पाव तासाच्या आसपास लागतो.

मात्र घरगुती गेस्टहाउस म्हणजे स्वस्तातले हॉटेल नव्हे. यजमान कुटुंब बहुधा त्याच इमारतीत राहते आणि रात्रभर सुरू असणारा स्वागतकक्ष सहसा नसतो. त्यामुळे विमान उशिरा उतरणार असेल, तर पोहोचण्याची वेळ आधीच कळवून किल्ली कशी मिळेल ते ठरवून घ्यावे. जुन्या दगडी घरांत लिफ्ट क्वचितच असते, म्हणून गुडघ्यांचा त्रास असल्यास तळमजल्यावरची खोली मागावी आणि स्नानगृह खोलीला जोडलेले आहे की सामायिक, हेही विचारावे. खोलीत चहासाठी किटली असते, परंतु स्वयंपाक करता येत नाही; उदबत्तीही लावू नये, कारण धुराची घंटा वाजली तर सारे घर रस्त्यावर येईल.

न्याहारीची चिंता करू नये, पण खोली आरक्षित करतानाच आपला आहार सांगावा. स्कॉटिश न्याहारीत बेकन, गोमांसाचे चौकोनी सॉसेज आणि रक्तापासून केलेले ब्लॅक पुडिंग असते. शाकाहाऱ्यांसाठी ओटची पेज, बटाट्याचे टॅटी स्कोन, मश्रूम, टोमॅटो आणि ओट व कडधान्यांचे शाकाहारी हॅगिस मिळू शकते. तेथील शाकाहारात अंडे धरले जाते, तेव्हा ते नको असल्यास वेगळे सांगावे; टॅटी स्कोन बेकनच्याच तव्यावर भाजू नयेत, अशी विनंतीही संकोच न करता करावी.

आता आपल्या व्यवसायाविषयी. काश्मिरी शालींवरील कोयरीची नक्कल विणून पेझलीने एकोणिसाव्या शतकात वैभव मिळवले. १८७० नंतर शालींची फॅशन ओसरली, तरी शिलाईचा दोरा काढणाऱ्या कोट्स आणि क्लार्क या घराण्यांच्या गिरण्यांनी गाव तगवून ठेवले. भरतकामाच्या ज्या ‘अँकर’ दोऱ्याच्या लडी आपल्याकडे घरोघरी असतात, त्याचे मूळ क्लार्क घराण्याकडेच जाते. रस्त्यांची नावेही कॉटन स्ट्रीट, सिल्क स्ट्रीट, गॉझ स्ट्रीट अशी आहेत, आणि धोट्याच्या नावाचा शटल स्ट्रीटही आहे. त्याच भागात अठराव्या शतकातील विणकराचे घर मागासह जतन केले आहे. ते ठरावीक दिवशीच उघडे असते, त्यामुळे वेळ यजमानांनाच विचारावी. १८८६ मधील अँकर गिरणीची इमारत आता निवासी झाली असली, तरी बाहेरून अवश्य पाहावी.

आपले जाणे जुलैच्या पहिल्या शनिवारी येत असेल, तर ‘स्मा शॉट डे’ची मिरवणूक चुकवू नये. ‘स्मा शॉट’ म्हणजे शालीची वीण बांधून ठेवणारा बारीक बाण्याचा धागा. तो तयार मालात दिसत नसे, म्हणून मालक त्याचे पैसे देत नसत. विणकरांनी दीर्घ झगडा करून १८५६ मध्ये ते मिळवले. त्या स्मरणार्थ ढोल वाजवीत मिरवणूक निघते आणि ‘कॉर्क’ म्हणजे मालकाचा पुतळा जाळला जातो. मजुरीवरून होणारे वाद इचलकरंजीकरांना नवे नाहीत, त्यामुळे हा पुतळा आपण कोणत्या बाजूने पाहाल, याची आम्हांला उत्सुकता आहे. या दिवसात मुक्काम हवा असल्यास खोली बरीच आधी घ्यावी.

प्रश्न : परदेशातील अशा लहान गेस्टहाउसची जाहिरात खरी आहे, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्कॉटलंडपुरते उत्तर सोपे आहे. तेथे २०२२ पासून अल्पमुदतीच्या निवासासाठी परवाना योजना लागू झाली असून गेस्टहाउस आणि न्याहारीसह खोली देणारी घरे तिच्यात येतात. हॉटेले येत नाहीत. परवाना स्थानिक परिषद देते, पेझलीसाठी ती रेनफ्रूशर परिषद होय. जाहिरातीत परवान्याचा क्रमांक देणे बंधनकारक आहे, म्हणून तो दिसत नसेल तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी यजमानांकडे मागावा आणि परिषदेच्या नोंदवहीशी पडताळून पाहावा.