हार्ड डिस्क अडकत चालते, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, आत माझे फोटो आहेत. विंडोज चेकडिस्क करायला सांगतंय. करू का?

नका करू. चेकडिस्क फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद, सरळ करतं. त्यात तुमच्या फाइल्स वाचतील की जातील याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. खराब होत चाललेल्या डिस्कवर ते फेरफार लिहितं आणि वर तासन्‌तास तिला राबवतं.

आधी कान देऊन ऐका. ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर ताबडतोब वीज बंद करा. डेटा वाचणारं हेड आतल्या फिरत्या तबकडीच्या काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. ते बिघडून घासायला लागलं तर तिथला डेटा कायमचा खरवडला जातो. अशी डिस्क क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडेच द्यावी. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारा कोणीतरी भेटेलच, पण त्याने आत ओल धरते, बाकी काही नाही.

तुम्ही आवाजाचं काही लिहिलेलं नाही, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात एवढंच म्हणता. म्हणजे बहुधा काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे, वाचले जात नाहीयेत. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' शून्याच्या वर दिसला की खात्री समजा. मग एकेक फोल्डर कॉपी करत बसू नका. खराब सेक्टर आला की विंडोज तिथेच डोकं आपटत राहतं आणि तोवर डिस्क आणखी झिजते.

तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची दुसरी डिस्क घ्या, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स) मशीन सुरू करा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत काढा. हे अवघड जागा सोडून आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं, मग उरलेल्याकडे वळतं. कुठपर्यंत आलं याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते, म्हणून मधेच डिस्क गायब झाली तरी ती बंद-चालू करून तीच कमांड परत द्यायची. काम पुढे सुरू होतं. मात्र मॅपफाइल तिसऱ्या, धडधाकट डिस्कवर ठेवा, लाइव्ह सिस्टिममध्ये ठेवली तर रीस्टार्टला उडेल. आणि एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर ताडून बघा. स्रोत आणि लक्ष्य उलटं झालं तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या फोटोंवर चढेल.

प्रत झाली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. ती सरळ उघडली तर उत्तमच. पार्टिशन (डिस्कचा C:, D: असा भाग) दिसत नसेल तर ते शोधून परत आणणारं टेस्टडिस्क वापरा. त्यानेही जमलं नाही तर फोटोरेक. ते डिस्क चाळून फाइल्स शोधून देतं, पण नावं आणि फोल्डर सहसा मिळत नाहीत, त्यामुळे हजारो फोटो उघडून बघत बसायची तयारी ठेवा.