टूल चेंजर राहू दे, आधी ते पाकीट उघडा

कुडाळजवळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. घराच्या पडवीत त्यांनी स्वतः सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन बांधलाय, प्लायवूडची फ्रेम, 2.2 किलोवॅटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर), चार बाय चार फुटाचा बेड. देव्हाऱ्याच्या जाळ्या, नावाच्या पाट्या, चतुर्थीच्या आधी मखरं, असं काम चालतं. महिन्याला साधारण 60 हजारांचं काम होतं, लाकूड, एमडीएफ, लाईटबिल, पॉलिशवाल्या पोराचा पगार सगळं जाऊन हातात 28 हजार राहतात. आता त्यांना ऑटोमॅटिक टूल चेंजर, म्हणजे कापायचे बिट आपोआप बदलणारी सोय बसवायचीय, खर्च 3 लाख 60 हजार. वडिलांच्या पैशातली 5 लाखांची एफडी सुटली, त्यातले अडीच लाख आणि बायकोचं सोनं ठेवून 1 लाख 10 हजार असा मेळ घातलाय. प्रश्न एवढाच, की सोनं ठेवावं की पर्सनल लोन घ्यावं?

आणि उरलेले अडीच लाख? ते पत्रात अगदी शेवटी, जाता जाता आलंय. "बाकीचे बँकेतच सेफ ठेवले, एफडीसारखंच आहे, पैसे दुपटीच्या वर होतात गॅरंटीड, शिवाय इन्शुरन्स. माणूस वळखीचो आसा, फसवूचो नाय." सोबत फोटो जोडलेत, बँकेत मिळालेल्या आकडेवारीच्या कागदाचे. पोस्टाने आलेलं पॉलिसीचं पाकीट मात्र बारा दिवस झाले तरी फोडलेलं नाही, देवघराच्या फळीवर ठेवलंय.

मी तो कागद मोठा करून वाचला. प्रीमियम अडीच लाख, त्याच्यापुढे "वार्षिक" आणि खालच्या ओळीत प्रीमियम भरायचा कालावधी 10 वर्षं. म्हणजे तुम्ही अडीच लाख ठेवलेले नाहीत, दर वर्षी अडीच लाख असे 25 लाख भरायचं कबूल केलंय. तुमची कमाई वर्षाला 3 लाख 36 हजार. त्यातून अडीच गेले की राहतात 86 हजार, महिन्याला सात. सात हजारात घर चालवणार आणि वर सोनंही सोडवणार?

आता ती गॅरंटी बघू. 10 वर्षं भरा, विसाव्या वर्षी 55 लाख घ्या, असं त्या कागदावर आहे. 25 चे 55, ऐकायला भारी वाटतं. पण वीस वर्षं पैसे अडकवून हा परतावा वर्षाला सव्वापाच टक्केसुद्धा पडत नाही. पीपीएफला आज 7.1 टक्के आहेत, त्या दराने हीच रक्कम याच काळात 74 लाखांच्या आसपास जाते. (पीपीएफमध्ये एका माणसाला वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे, मला माहितीय, मुद्दा दराचा आहे.) आणि त्यातला इन्शुरन्स 25 लाखांचा. अडतिसाव्या वर्षी 50 लाखांचा साधा टर्म प्लॅन (नुसतं जिवाचं कव्हर) वर्षाला दहा-बारा हजारांच्या आसपास मिळतो. याला एफडीसारखं म्हणणाऱ्याने एफडी कधी मोडून बघितली नसावी.

तुम्ही आणखी एक लिहिलंय, कंपनीचा फोन येईल तेव्हा सगळ्याला "हो" म्हणा असं त्या ओळखीच्या माणसाने सांगितलं आणि तुम्ही म्हणालात. ओ बाबानू, तो फोन रेकॉर्ड होतो. दर वर्षी भरायचंय हे समजलं का, असं त्यात विचारतात आणि तुमच्या आवाजात "हो" आहे. उद्या तक्रार केलीत तर तेच तुम्हाला ऐकवतील. ओळखीचा माणूस टार्गेटच्या महिन्यात कोणाच्याच ओळखीचा नसतो.

पण वेळ अजून गेलेली नाही. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमचे बारा गेले, अठरा राहिले. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. साध्या कागदावर अर्ज लिहा, पॉलिसी नंबर, पाकीट मिळाल्याची तारीख, आणि कारण म्हणून सरळ लिहा की एकरकमी ठेव म्हणून सांगितलं होतं, दर वर्षीचा हप्ता मला परवडत नाही. सोबत मूळ पॉलिसी आणि कॅन्सल केलेला चेक. सगळ्याच्या झेरॉक्स काढून हे विमा कंपनीच्या ब्रँचला द्या, बँकेच्या त्या टेबलावर नको, कारण तिथे "साहेब रजेवर आहेत", "पुढच्या सोमवारी बघू" करत अठरा दिवस कधी संपतील कळणार नाही. अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या, त्याच दिवशी कंपनीला ईमेलही टाका. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार, नाहीतर 155255 वर फोन, आणि तरी नाही झालं तर विमा लोकपाल, त्याला फी लागत नाही.

ही मुदत चुकली तर? 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तरी काहीतरी मिळतं, पण "काहीतरी"च.

बरं, टूल चेंजर. सोनं की पर्सनल लोन, तर दोन्ही नको. तुम्ही लिहिलंय दिवसाला दहा वेळा बिट बदलावं लागतं, पाना लावून कोलेट (बिट धरणारी पकड) सैल करा, 6 एमएमचं काढून व्ही-बिट लावा, परत झेड झिरो, म्हणजे बिटच्या उंचीचा शून्य घ्या, चार मिनिटं जातात. म्हणजे रोज 40 मिनिटं. ऑटोमॅटिकने त्यातली 35 वाचली असं धरू, महिन्याला 25 दिवस, साधारण 15 तास. तासाला 300 रुपये मशीनचे धरले तर साडेचार हजार. 3 लाख 60 हजार भागिले साडेचार, 80 महिने. तेही वाचलेला प्रत्येक तास विकला गेला तर, आणि तुम्हीच लिहिलंय की चतुर्थीचे दोन महिने सोडले तर मशीन दिवसाला चार-पाच तासच चालतं. मग वाचलेल्या 35 मिनिटांत मशीन काय करणार, नुसतं बसणार. "काम दुप्पट होईल" हे कोटेशन देणाऱ्याचं वाक्य आहे, तुमच्या ऑर्डरबुकाचं नाही.

त्यात पावसाळ्यात तुमची प्लायवूडची फ्रेम फुगते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. टूल होल्डरचा रॅक बेडवर एका जागी ठोकलेला असतो, स्पिंडल दर वेळी बरोब्बर तिथेच उतरला पाहिजे. हाताने बिट लावताना मिलीमीटरभर इकडेतिकडे झालं तर तुम्ही नवीन झिरो घेता, ऑटोमॅटिकवाला तसाच आपटतो. तो स्पिंडल जड, तुमची गँट्री (स्पिंडल धरून सरकणारी आडवी चौकट) आत्ताच्या वजनासाठी बांधलेली. टूल आत डिस्क स्प्रिंगने पकडलेलं असतं आणि सोडायला दाबाची हवा लागते, म्हणजे कंप्रेसर आलाच. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतंच, त्यामुळे ड्रायरही पाहिजे, नाहीतर होल्डरच्या टेपरला (निमुळत्या टोकाला) गंज चढलाच म्हणून समजा. तुमच्या कोटेशनमध्ये ड्रायर दिसला नाही मला.

त्यापेक्षा हजार-दोन हजारात झेड झिरोची टच प्लेट येते, बिट टेकवला की झिरो आपोआप घेते, ती घ्या, चार मिनिटांची दोन होतील. आणि पाट्या एकेक करण्याऐवजी सहा एकदम बेडवर लावा, एका बिटचं सहाही पाट्यांचं काम उरकून मगच बिट बदला. बदल दहाचे तीन-चारावर येतात.

एफडीतून अडीच लाख हातात आहेत, पॉलिसीचे जवळजवळ तेवढेच परत येतील. त्यातले दीड लाख घरखर्चासाठी एफडीत, मग घरच्या सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स, आईचं वय 64 आणि अजून काहीच कव्हर नाही हे वाचून मला टूल चेंजरपेक्षा जास्त घाम फुटला. मग तुमचा टर्म प्लॅन. उरलेल्यातून पुढच्या उन्हाळ्यात फ्रेम लोखंडी करून घ्या वाटल्यास, त्याचं कोटेशन आलं की पाठवा, बघू.

पण उद्या सकाळी आधी ते पाकीट. ब्रँचच्या पोचपावतीचा फोटो मला टाका, शिक्का आणि तारीख दोन्ही दिसतील असा.