‘मेन’ की ‘मास्टर’? सर्व्हरलाच विचारा

प्रश्न : आमच्याकडे पंधरा-वीस गिट रेपॉ (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साठे) आहेत. काहींची मुख्य ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, ‘मास्टर’, काहींची ‘मेन’. मी लिहिलेलं छोटं कमांड-लाइन टूल आधी ‘मेन’ शोधतं, नाही सापडली तर ‘मास्टर’ घेतं. परवा एका रेपॉत दोन्ही निघाल्या. आता टूलने कोणती धरावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अशीच स्क्रिप्ट मीही वर्षभर वापरली, फक्त क्रम उलटा होता. टीम ‘मेन’वर गेली, पण जुनी ‘मास्टर’ सर्व्हरवरून कुणी काढली नाही. स्क्रिप्टने तीच उचलली, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याचं काम) हिरवं, म्हणजे यशस्वी, झालं आणि ग्राहकाकडे चार महिन्यांपूर्वीचा कोड गेला. कुठेही एरर नाही. मला अजून खुपतं ते हेच. एरर आली असती तर दहा मिनिटांत निस्तरलं असतं.

नावावर भिस्त ठेवू नका. 2020च्या जुलैत आलेल्या गिट 2.28पासून नव्या रेपॉच्या पहिल्या ब्रँचचं नाव सेटिंगमधून ठरवता येतं, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून गिटहब नव्या रेपॉंना ‘मेन’ देऊ लागलं. जुन्या रेपॉ होत्या तशाच राहिल्या. काही टीमची मुख्य ब्रँच तर ‘डेव्हलप’ असते.

खरं उत्तर सर्व्हरवरच्या ‘हेड’मध्ये, म्हणजे मुख्य ब्रँच कोणती ते दाखवणाऱ्या खुणेत, असतं. क्लोन करताना, म्हणजे रेपॉची प्रत उतरवून घेताना, गिट त्याची नोंद आपल्या मशीनवर ‘ओरिजिन/हेड’ म्हणून करून ठेवतं (‘ओरिजिन’ हे सर्व्हरवरच्या रेपॉला गिटने दिलेलं नाव) आणि बरीच टूल्स तीच वाचतात. फसगत होते ती इथे. सर्व्हरवर मुख्य ब्रँच बदलली तरी सर्व्हरवरचे नवे बदल आणणाऱ्या साध्या ‘गिट फेच’ने ही नोंद बदलत नाही. क्लोन न करता ‘गिट इनिट’ने नवी रेपॉ बनवून रिमोट (सर्व्हरवरच्या रेपॉचा पत्ता) जोडला असेल, तर 2.48च्या आधीच्या गिटमध्ये फेच केल्यावरही ती तयार होत नाही.

म्हणून टूलला थेट विचारायला लावा : ‘गिट एलएस-रिमोट --सिमरेफ ओरिजिन हेड’. पहिल्याच ओळीत ‘रेफ: रेफ्स/हेड्स/मेन’ असं येतं. नेटवर्कची एक फेरी वाढते, वाढू द्या. मशीनवरची नोंद ताजी करायला ‘गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन --ऑटो’.

सर्व्हर फार जुना असेल तर तो हेडचा नुसता हॅश (कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, ओळखक्रमांक) देतो, ब्रँचचं नाव देत नाही. त्यात ‘मेन’ आणि ‘मास्टर’ एकाच कमिटवर असल्या, की गिटलाही ठरवता येत नाही. ‘सेट-हेड --ऑटो’ अशा वेळी थांबतं आणि नाव तुम्हीच द्या म्हणतं. तुमच्या टूलनेही अगदी तसंच थांबावं. ‘--ब्रँच’ असा पर्याय ठेवा आणि तो दिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

दोन्ही ब्रँच असलेल्या त्या रेपॉत मुख्य ब्रँच ‘मेन’ निघाली, तर आधी फेच करा आणि मग ‘गिट लॉग ओरिजिन/मेन..ओरिजिन/मास्टर’ चालवा. काहीच छापलं नाही, तर ‘मास्टर’वर वेगळं काही उरलेलं नाही. टीमला सांगून ती काढून टाका. एखादी जरी कमिट दिसली, तर ती करणाऱ्याला आधी फोन करा.