आमच्या क्वीअर (गे, ट्रान्स वगैरे) ग्रुपमधली मुलं सिगरेट आणि व्हेप (ई-सिगरेट) सोडायची म्हणतात. त्यांना नेमकी मदत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला तुमचा छोटा ग्रुप आहे, बहुतेक जण १९ ते २४ वयाचे, निम्मे ओढतात, काहींनी आता सोडायचं मनावर घेतलंय आणि तुम्ही स्वतः कधी ओढली नसल्यामुळे त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नाही. मी ठाण्यात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो, स्वतः गे आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत अशी मुलं बरीच असतात. कधी ओढली नाही याने काही अडत नाही. कॅन्सरचे फोटो दाखवायला तेवढे जाऊ नका. ते पाकिटावर छापलेलेच असतात आणि पोरं ते बघत बघतच पेटवतात.

पहिल्या भेटीत ‘सोड’ म्हणायचंच नाही. विचारायचं ते एवढंच, की ही सिगरेट तुझं कुठलं काम करते? उत्तरं फार वेगवेगळी येतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सगळ्यात जास्त येणारं उत्तर म्हणजे टपरी. घरात जे नाव चालत नाही, जी ओढणी किंवा जे कानातलं चालत नाही, ते टपरीवर आपल्या माणसांत चालतं. कॅफेत बसायला पैसे लागतात, इथे एका कटिंगवर तासभर उभं राहता येतं. अशा मुलाला सिगरेट सोड म्हणणं म्हणजे मित्र सोड म्हणण्यासारखं होतं. इथे औषधाचा काही उपयोग नाही, भेटायची जागा बदलावी लागते. आणि हे डॉक्टरपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. तुमच्या मीटिंगमध्ये मध्येच ‘सुट्टा ब्रेक’ होत असेल तर तो बंद करा, पण ब्रेक ठेवा. खरी बातमी त्या दहा मिनिटांतच कळते: कोणाचं घरी बिनसलंय, कोणाचं ब्रेकअप झालंय. चहा आत मागवा किंवा गोदापार्कला चक्कर मारून या. पहिला महिना जरी निभावला तरी पुष्कळ.

दुसरं उत्तर एका ट्रान्स मुलाने (जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या मुलाने) मला दिलं होतं: ‘हातात सिगरेट असली की कोणी ताई म्हणत नाही.’ यावर हसू नका. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) सुरू व्हायच्या आधी अनेकांचा असाही समज असतो की ओढून ओढून आवाज जाड होतो. होतो, पण स्वरतंतूंना सूज येऊन. त्याने आवाज घोगरा होतो, मर्दानी होत नाही. नेमकं हेच ट्रान्स मुलींना उलटं सांगायचं: आवाज वर न्यायला रोज सराव करताय आणि सिगरेट तो खाली ओढतेय. कॅन्सरच्या पूर्ण भाषणाने जे होत नाही ते या एका वाक्याने होताना मी पाहिलंय. चाळिशीनंतर काय होईल याची विशीतल्या पोरांना फिकीर नसते, आवाजाची रोज असते.

हॉर्मोन्सबद्दल मात्र नीट बोला, कारण इथे खरा धोका आहे. आपल्याकडे कितीतरी ट्रान्स मुली डॉक्टरला न विचारता गर्भनिरोधक गोळ्या ‘हॉर्मोन’ म्हणून घेतात. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका असतोच, त्यावर सिगरेट म्हणजे तो आणखी वाढवणं. पोटरी एकीकडेच सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा. ट्रान्स मुलांच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट व्हायची शक्यता असते आणि धूम्रपानाने तीच वाढते. वर बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) आवळलेला असतो, त्यामुळे लागलेली धाप कशाची तेच कळत नाही. आणि कोणी टॉप सर्जरीसाठी (छाती सपाट करायच्या ऑपरेशनसाठी) पैसे साठवत असेल तर त्याला सांगा, की निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, परत बसवलेलं निपल (ग्राफ्ट) मरू शकतं. म्हणून सर्जन ऑपरेशनच्या काही आठवडे आधी निकोटीन बंद करायला लावतात. त्यात व्हेपही आलं, आणि काही जण निकोटीनचे गम आणि त्वचेवर लावायचे पॅचसुद्धा चालवून घेत नाहीत, तेव्हा आधीच विचारून ठेवावं. सोडायला याहून चांगली तारीख दुसरी मिळत नाही.

व्हेपची गोष्ट वेगळी. ते घेणारी मुलं बहुतेक घरी राहणारी असतात: वास येत नाही, ओढणीला लागत नाही, बाथरूममध्ये दोन झुरके मारले तर आईला पत्ता लागत नाही. भारतात २०१९ पासून ई-सिगरेटच्या विक्रीवर, आयातीवर, साठ्यावर बंदी आहे, तरी मिळते कुठे ते या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. (महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायलाही २०२० पासून बंदी आहे. कोणत्याही टपरीवर जाऊन बघा.) चोरून आलेल्या मालावर निकोटीन किती लिहिलंय याला काही अर्थ नाही. सिगरेट निदान संपते, विझते. व्हेप उशीखाली असतं आणि झुरक्यांना मोजमाप नसतं. म्हणून आधी जागा कमी करायच्या: अंथरुणात नाही, मग बाथरूममध्ये नाही, मग फक्त घराबाहेर. घराबाहेर काढायचं म्हटलं की चोरून ओढायची सोयच जाते आणि अर्ध्याहून जास्त झुरके आपोआप गळतात.

आता गम, कारण तो बहुतेक जण चुकीचा खातात आणि मग ‘उपयोग नाही’ म्हणून फेकून देतात. २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. तो च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही. हळूहळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आणि तिखटसर चव आली की थांबायचं आणि तंबाखूचा बार धरतात तसा गालात धरून ठेवायचा. चव गेली की पुन्हा थोडा चावायचा, बाजू बदलायची. एक गम अर्धा तास चालतो. भराभर चावला तर रस पोटात जाऊन उचकी आणि जळजळ होते. चहा-कॉफी प्यायल्यावर पंधरा मिनिटं गम नाही आणि पिताना तर नाहीच. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर व्यसन मुरलेलं आहे, तेव्हा ४ मिलिग्रॅम, पॅच किंवा गोळ्या याबद्दल डॉक्टरशी बोलावं. अठराच्या आतल्यांनी काहीही डॉक्टरला विचारूनच. मानसोपचाराची औषधं चालू असतील, विशेषतः ओलान्झापिन किंवा क्लोझापिन, तर सोडण्याआधी त्या डॉक्टरला कळवा. सिगरेटच्या धुराने ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात, धूर थांबला की तोच डोस जास्त पडतो. चहा-कॉफीचंही तसंच, म्हणून सोडल्यावर नेहमीच्याच कपाने हात थरथरतात, झोप उडते. पोरांना वाटतं तलफ आहे. अर्धा कप कमी करून बघा.

सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा जाताना तुम्ही बरोबर जा. केसपेपरवर जुनं नाव असतं, ते भर गर्दीत मोठ्याने पुकारलं जातं, आणि तेवढ्याने माणूस परत फिरतो. सिस्टरला आधी जाऊन हळू आवाजात ‘आडनावाने बोलवा’ सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. दवाखाना नकोच असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) आहे, फुकट. आपली ओळख तिथे सांगायची गरज नाही, पण सांगितली तर सल्ला नेमका मिळतो. फोन घरातून करू नका म्हणावं.

घरी सांगावं का, हेही तुम्ही विचारलंय. माझं मत, घाई नको. सिगरेटपासून सुरू झालेली चौकशी ‘कोणाबरोबर असतोस’ वर यायला वेळ लागत नाही. तसंच, घरी स्वतःबद्दल सांगायचा आठवडा आणि सिगरेट सोडायचा आठवडा एक करू नका. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड होते, ती दोन-चार आठवड्यांत उतरते. कोणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर सिगरेट बाजूला ठेवा आणि टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला) १४४१६ वर फोन लावा.

ग्रुपमध्ये दोघादोघांच्या जोड्या लावा आणि रोज एक मेसेज. अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या अडीच हजारांवर व्हेप घेणाऱ्यांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सोडायला मदत करणारे मेसेज ज्यांना मोबाइलवर येत होते त्यांच्यातले २४ टक्के सात महिन्यांनी व्हेपपासून दूर होते, ज्यांना येत नव्हते त्यांच्यातले साधारण १९ टक्के. फरक थोडा आहे, पण तो नुसत्या मेसेजने पडलाय. आणि मेसेज येणाऱ्यांतलेही चारातले तीन सुटले नव्हते, हे लक्षात असलं की कोणी परत ओढली तर तुम्ही निराश होणार नाही.

परत ओढतीलच. कोणाच्या तरी वाढदिवसाला, दारूबरोबर, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. तेव्हा ‘तू तर सोडली होतीस ना’ हे ग्रुपमध्ये कोणी म्हणायचं नाही असं आधीच ठरवून टाका. कधी, कुठे, कोणाबरोबर ओढली एवढं विचारा, आणि उद्यासाठी गम शिल्लक आहे का ते बघा.